टांग्यातली धाकटी

लीलावहिनी, तुमच्या फोटोला मी गुलाबांचा हार घातला. मध्ये मध्ये जरी, खाली झुंबर. नवरदेवाला घालतात तसला. नणंदबाईंनी दारातूनच पाहिला आणि म्हणाल्या, "शालन, अगं शुद्धीवर आहेस का? दहाव्याला असला हार?" मी म्हटलं, "वहिनींना चालतो," आणि कामाला लागले. त्यांना काय सांगणार? त्या लग्न होऊन पुण्याला गेल्या त्या गेल्याच. आपल्या पडवीतल्या दुपारी त्यांनी कुठे पाहिल्यात!

घर फुलांचं. मखमलाबादच्या मळ्यातून शेवंती, झेंडू, गुलछडी यायची आणि जेवणं उरकली की पंचवटीतल्या आपल्या पडवीत तुम्ही थोरली सून, मी धाकटी, सासूबाई आणि गल्लीतल्या दोघी-तिघी ओवायला बसायचो. समोर टीव्ही, टीव्हीखाली तुमच्या यजमानांनी, दादांनी कुणाकडून तरी आणलेला जुना व्हीसीआर, आणि त्याच्या तोंडात आपली एकुलती एक कॅसेट. हात सुईदोऱ्यात, डोळे पडद्यावर. फुलाकडे बघावं लागतं ते पहिले सहा महिने, असं तुम्हीच मला शिकवलं होतंत.

सिनेमा काळा-पांढरा, हिंदी, घरगुती. दोन भाऊ, एक घर, दोन सुना. मोठी सोसणारी, धाकटी फणकारणारी. सासरे पहिल्या सीनपासून खोकणारे. आणि एक लबाड मामा, जो पान चघळत येतो आणि कुणाच्या तरी कानाला लागतो. तो दिसला की आपल्या सासूबाई ओरडायच्या, "आला मेला! याला घरदार नाय का?" पाच गाणी, त्यातली तीन रडकी. सासरे मरतात त्या सीनला तर अख्खी पडवी पदराने नाक पुसायची, आणि बरोब्बर त्याच वेळी एके दिवशी दोन गिऱ्हाइकं दारात उभी राहिली. तुम्ही रडत रडत एक पुडा याला दिलात, मी रडत रडत दुसरा त्याला दिला. तासाभरात नवरदेवाकडची माणसं तणतणत आली, की आमच्या पोराला घालायला गुलछडीचा पांढराफेक हार दिलात, शोभतं का? म्हणजे गुलाब-जरीचा गेला होता कुणाच्या तरी आजोबांच्या दहाव्याला! मी तर घाबरून आत पळाले. तुम्ही पदर खोचून त्या आजोबांच्या घरी माफी मागायला गेलात आणि चहा पिऊन परत आलात. म्हणे त्यांची म्हातारी फोटोसमोरून हलेना. म्हणाली, "राहू द्या तोच. लग्नात पण यांना एवढा चांगला हार नव्हता." आल्या आल्या तुम्ही मला बजावलंत, "माझ्या फोटोला असलाच घाल गं. पांढऱ्यात मी बरी दिसत नाही." मी घातला. नणंदबाई बसल्यात नाक मुरडत.

आता खरं बोलायला बसले आहे तर माझं आधी सांगते. कारण सिनेमा घरात आला तो त्यानंतर.

माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती. ह्यांना नाशिकरोडला देवळाशेजारी गाळा मिळत होता, वर राहायला दोन खोल्या. दुकानाचं तर कारण होतंच. पण खरं सांगू, मला माझं घर हवं होतं. तीन खोल्यांत आठ माणसं. निफाडला माहेरी मी भावांत एकटी लेक, द्राक्षबागेत मोकळी हुंदडलेली. मला माझ्या पसंतीचा एक पडदा लावायचा होता आणि तो कुणाला न विचारता लावायचा होता. हे म्हणायचं कुणाकडे? सासूबाईंच्या माहेरी भाऊ वेगळे झाले ते एकमेकांच्या मयतालाही गेले नाहीत. त्यामुळे त्यांचं एकच पालुपद होतं, "मी जिती हाय तोवर या घरात दोन चुली नाय."

श्रावणात मागच्या नळावर करंड्या धुताना मी तुम्हाला सांगितलं. सांगता सांगता रडले. तुम्ही करंडी पालथी घातलीत, हात पुसलेत आणि म्हणालात, "आईंना आत्ता विचारू नकोस. थांब थोडी." बस, एवढंच. मला वाटलं टाळलंत. मनात म्हटलंसुद्धा, माझं काम हिच्या अंगावर पडेल ना, हिला कशाला पटेल! असं वाटलं होतं हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

मग दसऱ्याच्या सुमाराला तुम्ही ती कॅसेट आणलीत. कोपऱ्यावरची कॅसेट लायब्ररी बंद होत होती, तिथला माल निघाला होता. तुमचा चेहरा काय फुलला होता! "हा मी नांदगावला तंबूत पाहिलाय, अण्णांच्या खांद्यावर बसून. नऊ वर्षांची होते." पण दसरा ते दिवाळी फुलांच्या घरात सिनेमा बघायला सवड कुणाला? कॅसेट कपाटावर पडून राहिली. दिवाळीनंतर माझ्या पिंट्याचं जावळ काढलं. दादांनी हौसेने व्हिडिओवाला बोलावला. तो म्हणाला, भरून द्यायला घरची कॅसेट असेल तर द्या, आणि दादांनी नेमकी तीच उचलून दिली.

त्यानंतर आपण पहिल्यांदा सिनेमा लावला तो दिवस आठवतो? टांगा दाराशी उभा. सामान चढलेलं. धाकटी टांग्यात, मोठी उंबऱ्यात. दोघी एकमेकींकडे बघताहेत. टांगेवाला चाबूक उचलतो, आणि खर्रर्र होऊन पडद्यावर माझा पिंट्या! डोक्याचा चकोट, तोंड वासून भोकाड पसरलेलं, त्याच्या मामाच्या मांडीवर. सासूबाई म्हणाल्या, "एक मामा गेला तर दुसरा आला." पडवी हसून हसून लोळली. दादा मात्र त्या दिवसापासून जे गुन्हेगार झाले ते झालेच. "एवढा घोडा झाला, एक कॅसेट धड देता येत नाय." सासूबाई हे दर वेळी म्हणायच्या आणि दादा मान खाली घालून चहा प्यायचे.

पण शेवट हवा ना! "अगं, तू पाहिलायस ना, तू सांग," म्हणून सगळ्या तुमच्या मागे लागल्या. आणि तुम्ही सांगितलात. दर खेपेला सांगितलात. एरवी बोलताना, भांडताना, जांभई देतानासुद्धा तुमची सुई चालू असायची, पण शेवट सांगताना ती खाली ठेवायचात. कात्रीच्या टोकाने ताटावर टक टक टक, म्हणजे घोड्याच्या टापा. टांगा जातो. मोठी हाक मारत नाही. दुसऱ्या दिवशी ती सवयीने सगळ्यांची कणीक मळते, पोळ्या उरतात, ती त्या डब्यात भरते आणि निघते. तिकडे धाकटी पहिल्यांदा स्वतःच्या घरात भात लावते, हाताला माप मोठ्या घराचं, पातेलं शिगोशीग. ती पण डबा भरते आणि निघते. दोघी नदीच्या पुलावर समोरासमोर येतात. ही तिच्या डब्याकडे बघते, ती हिच्या. आणि दोघी अशा हसत सुटतात की तिथेच पुलावर बसकण मारून जेवायला लागतात. इथे तुम्ही स्वतः हसायचात. तुमचं ते हसू, आधी खांदे हलायचे आणि आवाज मागाहून यायचा.

"मग घर नाय मोडलं?" सासूबाई विचारायच्या.

"नाही ना आई. उलट मोठीचं डोकं शांत झालं."

"आणि मामा?"

"मामाला कोण विचारतंय! तो गेला आपल्या गावाला."

हिवाळाभर हे चाललं. दहा वेळा, वीस वेळा, देव जाणे. मग एका दुपारी, पाडव्याला थोडे दिवस असताना, सासूबाई शेवंती ओवता ओवता म्हणाल्या, "काय गं लीला, ती धाकटी गेली तरी दोघी बोलत होत्या, नाय का?" तुम्ही म्हणालात, "रोज, आई." सासूबाईंनी आणखी दोन फुलं ओवली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "शालन, त्या गाळ्याचं काय झालं?" माझी सुई बोटात घुसली. तुम्ही फुलं निवडण्यात इतक्या गढून गेला होतात, जसं काही ऐकलंच नाही.

आम्ही गेलो. नाशिकरोडला पहिल्याच दिवशी मी भात लावला आणि पातेलं भरून वर आलं. मी कपाळाला हात लावून बसले होते तेवढ्यात दारात तुम्ही! सिटी बसने, दोन बस बदलून, हातात पोळ्यांचा डबा. पातेल्यात डोकावलात आणि तुमचे खांदे हलायला लागले. नव्या घरात पंखासुद्धा लावलेला नव्हता, आपण दोघी फरशीवर बसून घामाघूम होत जेवलो. मी म्हटलं, "वहिनी, सिनेमा खरा करायला आलात होय?" तुम्ही म्हणालात, "पूल लांब पडतो गं, म्हणून घरीच आले."

सासूबाईंनी जाऊ दिलं, पण मनातून नाही. त्यांना काही झालं की खापर तिथेच. गुलछडीला कीड लागली, घर फुटलं तेव्हापासून. म्हैस आटली, घर फुटलं तेव्हापासून. एकदा तर भारत मॅच हरला तेव्हा दादाच म्हणाले, "घर फुटलं तेव्हापासून," आणि त्यांच्याच आईची बोलणी खाल्ली. आपण हसायचो खरं. पण वहिनी, मला ते लागायचं. सणाला आले की उंबऱ्यातच थांबून आतला कानोसा घ्यायचे, की आज काय बिघडलेलं असेल आणि ते माझ्यामुळे असेल. तुम्ही दुकानात आलात, हसलात, बाजारातली भानगड सांगितलीत की तेवढ्यापुरतं विसरायचे. पण घर मी मोडलं का, हा प्रश्न माझ्याबरोबर नाशिकरोडला राहायला आला होता.

आणि मग दहा-अकरा वर्षांनी, एका दुपारी, केबलवर तोच सिनेमा! मी दुकान ह्यांच्यावर टाकून वर पळाले. सगळं पाहिलं. खोकणारे सासरे पाहिले, मामा पाहिला, टांगा पाहिला. टांगेवाल्याने चाबूक उचलला. आणि टांगा दहा पावलं जाऊन परत फिरला की! धाकटी उतरते, धावते, मोठीच्या पायावर लोळण घेते, "मला माफ करा, मी घर मोडायला निघाले होते" म्हणते, सगळे गळ्यात पडतात, मामाला पोलीस नेतात, आणि एकाच चुलीचा धूर दाखवून सिनेमा संपतो. पूल नाही, डबे नाहीत, काही नाही. मी तिथूनच मोबाइल लावला.

"वहिनी, टांगा परत आला!"

"कुठला टांगा?"

"सिनेमातला! धाकटी पाया पडली. मामाला पोलिसांनी धरलं."

"मामाला धरलं ना? मग झालं."

"अहो, पुलाचं काय?"

"तुझा केबलवाला दुसराच सिनेमा लावत असेल बाई. नांदगावला पूल होता."

काय भांडलो आपण त्यावरून! तीन वर्षं. मी म्हणायचे तुम्ही विसरलात आणि मनचं जोडलंत. तुम्ही म्हणायचात, नांदगावची माणसं असला रडका शेवट चालवून घेत नाहीत, तंबूवाल्याला वेगळं रीळ आणावं लागलं. मी म्हणायचे, "थांबा, आईंना खरा शेवट सांगतेच." तुम्ही म्हणायचात, "सांग की. मग ये परत टांग्यात बसून, पाटा-वरवंटा वाट बघतोय." एका दिवाळीला तर मी सगळ्यांदेखत तुम्हाला थापाडी म्हटलं. जरा जास्तच जोरात म्हटलं. तुम्ही माझ्या ताटात करंजी टाकलीत आणि म्हणालात, "खा. तोंड बंद राहील." मला वाटायचं, कबूल का नाही करत ही बाई, एवढं काय जातंय हिचं! शेवटचा फोनही त्याच वादाने संपला. तुम्हाला ताप होता, आणि तरी तुम्ही म्हणालात, "बरी झाले की येते, मग सांगते तुला पुलाचं." बऱ्या झाला नाहीत.

दहावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुमचं कपाट आवरत होते. तळाशी, पैठणीच्या घडीखाली, ती कॅसेट. व्हीसीआर कधीच भंगारात गेला, तुम्ही मात्र ही ठेवलीत. हातात घेऊन उगाच फिरवत बसले तर कडेला एक चिकटपट्टीचा तुकडा दिसला. आता हे मला आमच्या शेजारच्या कॅसेटवाल्यामुळे माहीत. विकतच्या सिनेमाच्या कॅसेटची कडेची एक छोटी पट्टी मोडलेली असते, म्हणजे कुणी चुकून त्यावर दुसरं काही भरू नये. ते भोक चिकटपट्टीने बुजवल्याशिवाय त्या कॅसेटवर काहीही भरता येत नाही. म्हणजे चुकून? चुकून कसं?

मी तशीच उठून दादांकडे गेले. "दादा, ही पट्टी तुम्ही लावलीत?"

दादांनी कॅसेट पाहिली आणि वहिनी, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा ते हसले. "मला कुठलं येतंय. तिनंच लावली. व्हिडिओवाल्याला विचारून घेतलं, मग कुठून पुढं भरायचं तेही सांगितलं. टांग्यानंतर, म्हणाली."

"आणि तुम्ही एवढी वर्षं बोलणी खाल्लीत?"

"मग काय करतो? आधी तिनं एकटीनं पाहिला होता, दिवाळीत, तुम्ही सगळे दमून आडवे झाला होतात त्या दुपारी. बघून झाल्यावर माझ्याकडे आली. म्हणाली, आईंनी हा शेवट पाहिला तर शालन या घरातून सुटत नाही. हा पुसायचा. आणि आळ तुम्ही अंगावर घ्यायचा." दादांनी कॅसेट मला परत दिली. "तू गेलीस ना, तर आठ दिवस ती दुपारी दोन कप चहा ओतायची. दुसरा मला द्यायची. मला दुपारचा चहा सोसत नाही, पण प्यायलो."

वहिनी, काय बोलू मी तुम्हाला? थापाडी म्हटलं. कामाला भिता असं मनात आणलं. आणि तुम्ही माझ्यासाठी अख्खा सिनेमा मोडून नवा बांधलात, वर माझी बोलणी हसत ऐकलीत. एकदा तरी सांगायचं होतंत की! मी तुमच्या पाया पडले असते, त्या धाकटीसारखी, रडून गोंधळ घातला असता. कदाचित म्हणूनच सांगितलं नाहीत. तुम्हाला तसला शेवट आवडत नव्हता.

काल दुपारी पडवीत पुन्हा हार ओवायला बसलो. सासूबाईंना आता दिसत नाही फारसं, पण बोटांना दिसतं. मी तुमच्या जागी बसले नाही, बाजूला बसले. गल्लीतल्या दोघी होत्या, दादा खांबाला टेकून बसले होते.  मध्येच सासूबाई म्हणाल्या, "लीला गेली. आता तो शेवट कोण सांगणार?" मग त्या माझ्या दिशेला वळल्या. "शालन, तू सांग. तू तर टीव्हीवर पण पाहिलायस म्हणं. खरं काय ते सांग."

तीन वर्षं मी याच संधीची धमकी तुम्हाला देत होते. दादांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मी सुई खाली ठेवली आणि सांगितलं. टांगा गेला. मोठीने हाक मारली नाही. पोळ्या उरल्या, भात उरला, दोघी डबे घेऊन निघाल्या. मला तुमच्यासारखे आवाज काढता येत नाहीत. पुलापाशी आले आणि तिथेच थांबले.

"इथं ती हसायची," सासूबाई म्हणाल्या.

"हो, आई."

"मग हस की."

मी हसले. बरंचसं रडणंच होतं ते, पण हसले. पुलावर दोघींना जेवू घातलं आणि सिनेमा संपवला. सासूबाईंनी दोऱ्याची गाठ मारली, दाताने तोडली, हार चाचपून परडीत ठेवला. मग म्हणाल्या, "बरं केलं त्या धाकटीनं, गेली ते. राहिली असती तर दोघींचं कधी जमलं नसतं." आणि जरा वेळाने, अगदी हळू, "तू पण बरं केलंस गं."

घरातून जायची परवानगी मला तुम्ही तेव्हाच काढून दिली होतीत, वहिनी. हे एक वाक्य राहिलं होतं, ते काल मिळालं. चौदा वर्षांनी काल मी त्या उंबऱ्यातून बाहेर पडले आणि मागे काय बोलतात याचा कानोसा घेतला नाही. ते तुम्ही बघायला हवं होतं.